आठवी कडी

पडद्यांच्या दुकानात कापडाचा बारीक तंतू नाकात जाऊन तिला शिंक आली, म्हणून तिने रुमालासाठी स्वेटरच्या खिशात हात घातला, आणि रुमालाच्या आधी बोटांना ती कडी लागली. तारेची कडी. बोटातल्या अंगठीहून जराशी मोठी आणि एका जागी उघडी. बाहेर न काढताच तिने ती ओळखली. शिंक तशीच विरून गेली. समोर नवरा दोन्ही हातांवर दोन कापडं घेऊन उभा होता, एक निळं आणि एक राखाडी, आणि दुकानातली मुलगी त्याला दोन्ही कशी उन्हात विटत नाहीत ते समजावून सांगत होती. तो म्हणाला, ‘‘बोल लवकर, निळा की राखाडी?’’ ती कडी खिशातल्या खिशात अंगठ्याने फिरवत राहिली. तारेचं एक टोक, मग पूर्ण गोलाई, मग दुसरं टोक. कुठेही चेपलेली नव्हती. नवीन होती.

‘‘मला जावं लागेल,’’ ती म्हणाली.

‘‘निळ्यात एवढं काय वाईट आहे?’’

ती हसली नाही, तेव्हा त्याने हात खाली घेतले. तीस वर्षांत त्याला तिच्या कामातलं फारसं काही कळलं नव्हतं, पण तिचा हा चेहरा कळत होता. तिने कडी बाहेर काढून तळहातावर ठेवली आणि त्याला दाखवली. दुकानातल्या मुलीनेही वाकून पाहिलं आणि तिला वाटलं, बाईंची अंगठी तुटली.

पिस्टनमधून एक पोकळ पिन आरपार जाते. त्या पिनेवर पिस्टन आणि त्याला हलवणारा दांडा एकमेकांना धरून राहतात. ती पिन आडवी सरकून बाहेर येऊ नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना, पिस्टनच्याच खाचेत, अशी एकेक कडी बसवतात. सर्क्लिप. चार सिलेंडर, चार पिस्टन, आठ कड्या. गेल्या महिन्यात दाताच्या डॉक्टरांच्या विमानाचं इंजिन तिने संपूर्ण उघडून पुन्हा बांधलं होतं. जुन्या दोन जणांच्या विमानाचं चार सिलेंडरचं इंजिन, एका ओळीत उलटं टांगलेलं, डोकं खाली आणि पाय वर, पाण्याऐवजी समोरून येणाऱ्या वाऱ्याने थंड होणारं. मोटारीच्या गॅरेजमधला कुणी ते पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याला वाटतं, चुकून उलटं बसवलंय. तिला मात्र सरळ इंजिनंच उलटी दिसत. अशी बेचाळीस इंजिनं तिने बांधली होती, आणि त्यातलं एकही हवेत बंद पडलं नव्हतं. हे ती कुणाला सांगत नसे. सांगायची गरज पडत नसे, लोकच एकमेकांना सांगत. ‘इंजिनवाल्या बाईंकडे द्या आणि झोपा,’ असं म्हणत.

आठ कड्या ती नेहमी मोजून एका स्टीलच्या वाटीत काढी, आणि वाटी रिकामी झाली की ते काम संपलं असं धरी. जुनी कडी काढली रे काढली की तिथल्या तिथे पकडीने चेपून टाकी, म्हणजे चुकूनसुद्धा कुणी ती परत वापरू नये. म्हणून खिशातली कडी जुनी नव्हती. पण नवीन असली तरी ती त्या आठांतलीच असेल असं कुठे होतं? पाकिटात दहा येतात. उरलेल्या दोन ती एका पत्र्याच्या डब्यात टाकी, आणि त्या डब्यात इतक्या वर्षांच्या उरलेल्या कितीतरी पडल्या होत्या, त्या कुणी कधी मोजल्या नव्हत्या. पंधरा दिवसांपूर्वी नव्या मालासाठी नमुना म्हणून त्यातली एक तिने काढली असावी. काढली होती? काढायची असं ठरवलेलं आठवत होतं. दुकानाच्या दारात, रस्त्याकडे तोंड करून ती तेवढं एक मिनिट उभी राहिली, आणि ते मिनिट तिला नंतर बराच काळ आठवत राहिला, कारण त्या मिनिटात सगळं तिच्या बाजूचं होतं. इंजिन जमिनीवर दोन तास चाललं होतं, हवेत एक तास. तेल स्वच्छ होतं. आवाज तिने स्वतः ऐकला होता. कडी नमुन्याची होती. खिशात परत टाकायची आणि निळा पडदा घ्यायचा, बस्स. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि अकरा वाजता डॉक्टर आपल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या वडिलांना त्या विमानातून वर नेणार होते.

तिने फोन लावला. पहिल्यांदा नुसताच वाजत राहिला. दुसऱ्यांदाही. फोन कानाला असताना ती दुकानाच्या काचेतल्या स्वतःकडे बघत होती. मधोमध भांग, चष्मा, कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर. पडद्यासाठी आलेली एक बाई. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी उचलला.

‘‘बोला बाई! बाबांना टोपी घालतोय. कानांवरून खाली यायलाच तयार नाही. कान वाढले म्हणतात म्हातारपणी.’’

‘‘डॉक्टर, आज उडू नका.’’

‘‘का? हवा तर छान आहे.’’

‘‘हवा छानच आहे. माझं काही राहिलंय का ते बघायचंय. इंजिनमध्ये.’’

मग डॉक्टरांनी पेशंटशी बोलताना वापरत असतील तसा आवाज काढला. ‘‘काय राहिलंय?’’

‘‘बहुतेक काही नाही.’’

‘‘मग?’’

‘‘बहुतेक म्हणाले ना.’’

फोन ठेवून तिने कडी पुन्हा मुठीत धरली. भीतीपेक्षाही हे दुसरंच काहीतरी होतं. एकतीस वर्षांत ती हे वाक्य पहिल्यांदा बोलली होती. माझं काही राहिलंय का. वाक्य साधंच होतं, कुणीही रोज घरातून निघताना स्वतःला विचारतं तसलं, पण ते तोंडातून बाहेर पडताना दाढ उपटल्यासारखं मुळासकट आलं. नवरा मागून येऊन म्हणाला, ‘‘जा तू. मी राखाडी घेतो.’’ ती म्हणाली, ‘‘निळा घे,’’ आणि बस पकडायला धावली.

विमानतळाच्या बसला पन्नास मिनिटं लागत. खिडकीशी बसून तिने डोळे मिटले आणि इंजिन पहिल्यापासून बांधायला घेतलं. हे तिला जमत असे. कुठलंही इंजिन ती मनात पुन्हा बांधू शके, कोणता नट कोणत्या हाताने फिरवला इथपर्यंत. मास्तर म्हणत, ‘‘डोकं विसरतं पोरी, हात विसरत नाही.’’ मास्तरांनी तिला कामाला घेतलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि विमानतळावरच्या क्लबच्या ऑफिसात टायपिस्ट होती. मास्तरांचे कामाचे रिपोर्ट टाइप करायला तिच्याकडे येत. एकदा तिने रिपोर्ट टाइप न करता परत नेऊन दिला आणि म्हणाली, ‘‘यात सात नट लिहिलेत. मागच्या तिन्ही वेळी आठ होते.’’ मास्तरांनी कागद पाहिला, तिला पाहिलं, आणि वर्कशॉपमध्ये निघून गेले. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या दारात उभे राहून म्हणाले, ‘‘टाइपरायटर कुणीही बडवेल. चल माझ्याबरोबर.’’ तो आठवा नट त्यांनी लावला होता की फक्त लिहायचा राहिला होता, हे त्यांनी तिला कधीच सांगितलं नाही. मास्तर चुकत नसत. निदान चुकलो असं ते कधी म्हणाले नाहीत, आणि या दोन गोष्टी एकच आहेत असं तिला पुढची कित्येक वर्षं वाटत आलं होतं.

पहिलं सिलेंडर, मंगळवार. दोन्ही कड्या. पहिली कडी टेबलावरच पिस्टनमध्ये बसवायची, मग पिस्टन इंजिनपाशी न्यायचा, दांड्याशी जुळवायचा, दुसऱ्या बाजूने पिन सरकवायची आणि मग दुसरी कडी. कडी खाचेत बसताना टक् असा बारीक आवाज होतो, आवाजापेक्षाही बोटाला कळतो. दुसरं सिलेंडर, मंगळवारी दुपारी. टक्, टक्. तिसरं बुधवारी. बुधवारी ती अडखळली. बुधवारी पिन सरकवून झाली आणि फोन वाजला. मास्तरांच्या सुनेचा. मास्तर गेले. पहाटे झोपेतच, त्रास नाही झाला, तुम्हाला सांगायला सांगितलं होतं त्यांनी. ती ‘बरं’ म्हणाली. ‘येते’ म्हणाली. फोन ठेवला आणि परत इंजिनापाशी आली आणि काम पुढे चालू केलं. रडली नाही. तिला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता, मास्तरांना आवडलं असतं असंही वाटलं होतं. सिलेंडर चढवलं, नट आवळले, हात धुतले आणि मग गेली. पण फोननंतर तिने दुसरी कडी बसवली होती का? बसच्या खिडकीला डोकं टेकून ती त्या जागी पुन्हापुन्हा जाऊन उभी राहिली. फोन ठेवला. चार पावलं. इंजिन. मग एकदम सिलेंडर हातात. मधलं काही नाही. तिथे नुसती मास्तरांची मान होती, पाठमोरी, निळ्या कॉलरमधली.

आणि मग, बस एका सिग्नलला थांबलेली असताना, तिला एक जुनी गोष्ट आठवली. ही गोष्ट ती नेहमी हसत सांगायची. मास्तरांनी एक इंजिन बांधून पाठवलं, आणि दोन दिवसांनी झाडताना टेबलाखाली एक नट सापडला. तिने तो मास्तरांपुढे धरला. मास्तरांनी तो घेतला, खिशात टाकला आणि म्हणाले, ‘‘जास्तीचा असेल.’’ आणि जास्तीचाच होता, ते इंजिन पुढे नऊशे तास चाललं. गोष्ट इथे संपत असे आणि ऐकणारे हसत. पण त्यानंतर महिनाभर मास्तर रोज संध्याकाळी विमानतळाच्या कुंपणापाशी फिरायला जात होते. त्याआधी ते कधी फिरायला गेले नव्हते, त्यानंतरही नाहीत. हे तिला माहीत होतं. तिनेच एकदा त्यांना तिथे पाहिलं होतं, मागे हात बांधून, मान जरा तिरकी, कान आकाशाकडे. तेव्हा तिला वाटलं होतं, उतारवयात माणसं तब्येतीला जपायला लागतात. एकोणतीस वर्षं ते चित्र तिच्याजवळ पडून होतं आणि तिने ते कधी नीट पाहिलंच नव्हतं. महिनाभर रोज. सिग्नल सुटला. तिला मास्तरांचा राग आला नाही. त्यांची सोबत वाटली, आणि मग इतक्या दिवसांनी, शेजारच्या माणसाच्या उघड्या वर्तमानपत्राच्या आडोशाला, थोडंसं रडू आलं. ते तिने येऊ दिलं.

मग ती चौथ्या सिलेंडरकडे वळली. तिथे जाताना बरं वाटलं, उन्हात गेल्यासारखं. चौथं शुक्रवारी सकाळी, मास्तरांचं सगळं आटोपून ती परत कामाला आली तेव्हाचं. वर्कशॉपमध्ये कुणी नव्हतं. छपराच्या काचेतून ऊन थेट इंजिनावर पडलं होतं आणि सिलेंडरच्या थंड करणाऱ्या पातळ पातळ पात्या एकीखाली एक अशा चमकत होत्या. पिस्टन तिने गरम पाण्यातून काढला होता, कारण गरम पिस्टन किंचित फुगतो आणि पिन हातोडी न लागता नुसत्या अंगठ्याने आत जाते. आणि त्या दिवशी ती अशी गेली, अशी गेली, की तिने श्वास सोडला. ना सैल, ना घट्ट. अंगठ्याखाली ती पिन जणू स्वतःच्या घरी गेली. तिला एवढं सुख झालं की तिने पिन उलट ढकलून अर्धी बाहेर काढली आणि पुन्हा आत सरकवली. कुणी नव्हतंच बघायला. एकतीस वर्षांच्या कामात असे दहा-पंधरा क्षण येत असतील, ज्यांच्यासाठी बाकीची तेलकट वर्षं काढायची असतात. चौथ्यात काहीही राहिलेलं नव्हतं. राहिलं असेल तर तिसऱ्यात.

हँगरमध्ये विमान बाहेर तोंड करून उभं होतं, पिवळं, कापडी पंखांचं, नाक वर केलेलं. डॉक्टर त्याच्याभोवती फेऱ्या मारत होते. त्यांचे वडील घडीच्या खुर्चीवर बसले होते, डोक्यावर कातडी टोपी, दोन्ही कान बाहेर. हे विमान मुळात त्यांचंच. त्यांनी पंधरा वर्षं ते चालवलं होतं, मग डोळे गेल्यावर लायसन्स गेलं आणि विमान पंचवीस वर्षं एका शेडमध्ये पडून राहिलं. मुलाने ते बाहेर काढून दुरुस्त करवून घेतलं होतं, आणि आजच्यासाठी म्हातारा दोन दिवसांचा प्रवास करून आला होता.

‘‘नमस्कार काका,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्यामुळे खोळंबा झाला.’’

‘‘मला कुठे जायचंय?’’ म्हातारा म्हणाला. ‘‘वर जायचं होतं, तेही तुम्ही लांबवलंत. चांगलंच केलंत म्हणायचं.’’

तिने डॉक्टरांना कडी दाखवली, आणि उरलेल्या कड्यांच्या डब्याचं आणि फोनचं सांगितलं. मग विमानाच्या नाकावरची पत्र्याची टोपणं काढली आणि तिसऱ्या सिलेंडरला हात घातला. आधी प्लगच्या वायरी, मग धुराचा पाइप, मग वारा वळवणारे पत्रे, मग खालचे नट. इंजिन उलटं असल्यामुळे सगळं काम गुडघ्यांवर बसून, मान वर करून करायचं. पूर्वी तिला ते जाणवत नसे. सव्वा तासाने सिलेंडर तिच्या हातांत उतरलं आणि पिस्टन उघडा पडला. तिने चिंधीने पुसलं. एका बाजूला कडी. दुसऱ्या बाजूला कडी. दोन्ही खाचेत घट्ट. म्हणजे मास्तर गेल्याचं ऐकून चार पावलं चालून आल्यावर तिच्या हातांनी तिच्याशिवाय ती कडी बसवली होती. तिला मास्तरांना सांगावंसं वाटलं.

‘‘आहेत?’’ डॉक्टरांनी वाकून विचारलं. ‘‘आहेत! सुटलो बाई. जीव टांगणीला लागला होता. आता हे परत चढवलं की—’’

‘‘तिसऱ्यात आहेत. एवढंच कळलं.’’

‘‘पण फोन तिसऱ्याच्या वेळीच आला, तुम्हीच म्हणालात. म्हणजे कडी त्या डब्यातलीच.’’

‘‘असेल.’’

‘‘मग?’’

‘‘अजून तीन आहेत.’’

डॉक्टर काही बोलणार होते, तेवढ्यात खुर्चीतून म्हातारा म्हणाला, ‘‘तिला काम करू दे रे. तू दात अर्धा उपटून पेशंटला घरी पाठवतोस का?’’

दुसऱ्यात दोन्ही होत्या. पहिल्यात दोन्ही होत्या. प्रत्येक वेळी डॉक्टरांचा चेहरा उजळे आणि तिच्याकडे बघून पुन्हा मिटे. मधे त्यांनी सगळ्यांसाठी सँडविच आणले. ती उभ्यानेच खाताना विचार करत होती की आपण हे का करतोय. खात्री व्हायला, असं कुणी म्हटलं असतं. पण खात्री तर तिला होतीच. पहिल्याचीही होती, दुसऱ्याचीही, आणि उघडल्यावर ती खरी ठरली, त्यामुळे आता तिला स्वतःबद्दल सकाळपेक्षा अधिकच भरवसा वाटत होता. हात शाबूत होते. आठवण शाबूत होती. साडेतीन वाजले. गुडघे बोलायला लागले होते. चौथं सिलेंडर सगळ्यांत मागचं, विमानाच्या अंगाला लागून, काढायला सगळ्यांत अडचणीचं.

‘‘चौथं राहू द्या ना,’’ डॉक्टर हळूच म्हणाले.

‘‘चौथ्याची मला पक्की खात्री आहे,’’ ती म्हणाली, आणि पाना घेऊन खाली बसली.

‘‘मग उघडताय कशाला?’’

‘‘खात्री आहे म्हणूनच शेवटी ठेवलं होतं. सोडून द्यायला नव्हे.’’

सिलेंडर खाली सरकताना तिच्या हातांना काहीतरी निराळं कळलं. फार नाही. सरकण्यात एक केस आडवा यावा एवढं. तिने ते संपूर्ण उतरवलं, मांडीवर घेतलं आणि वर पाहिलं. डाव्या बाजूला कडी होती. उजव्या बाजूला खाच होती, स्वच्छ, तेलाने भरलेली, रिकामी. पिन तिच्या जागेवरून नखाएवढी बाहेर आली होती आणि तिचं टोक घासून चांदीसारखं झालं होतं. तिने सिलेंडर उजेडाकडे तिरकं धरलं. आतल्या भिंतीवर एक उभी रेघ होती, चकचकीत. तिने त्यावरून नख फिरवलं. नख अडकलं.

तिला आधी लाज वाटली नाही. आधी तिला दिसलं. शुक्रवारचं ऊन, डाव्या हाताच्या चिमटीत धरलेली आठवी कडी, उजव्या अंगठ्याखाली घरी गेलेली पिन, आणि मग ते सुख पुन्हा एकदा घेण्यासाठी दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून डावा हात स्वेटरच्या खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला. वाटीही रिकामी होती. किती सहज. तो हात इतक्या सहज गेला होता की त्या सगळ्या लख्ख आठवणीत तेवढाच तो नव्हता. दुःखाच्या दिवशी हातांनी चोख काम केलं होतं आणि आनंदाच्या दिवशी विसरले होते. मग मात्र लाज आली. ती जमिनीवर तशीच बसली, मांडीवर सिलेंडर, आणि मोठ्याने म्हणाली, ‘‘नाहीये.’’

डॉक्टर वाकले. त्यांनी रिकामी खाच पाहिली, रेघ पाहिली, मग आपल्या वडिलांकडे पाहिलं, आणि मग ते हँगरच्या दारापर्यंत चालत गेले आणि तिथे पाठमोरे उभे राहिले. म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

‘‘किती चाललं असतं?’’ त्याने विचारलं.

‘‘दहा तास. नाहीतर दहा मिनिटं. सांगता येत नाही.’’

‘‘हं.’’ तो बराच वेळ टोपीच्या बंदाशी खेळत राहिला. ‘‘माझं इंजिन दोनदा हवेत बंद पडलं होतं. एकदा शेतात उतरलो, एकदा नदीकाठच्या वाळूत. दोन्ही वेळा मेकॅनिक आला आणि शपथ घेऊन म्हणाला, माझ्याकडून सगळं ठीक होतं. मला त्याचा पुढे विश्वासच वाटेना. माणूस चांगला होता. पण वाटेना.’’ मग तो म्हणाला, ‘‘तुम्ही आता हे नीट कराल ना?’’

‘‘करीन.’’

‘‘किती दिवस?’’

‘‘सिलेंडर बदलावं लागेल. माझ्याकडे एक चांगलं ठेवलेलं आहे. पाच दिवस.’’

‘‘मी थांबतो.’’

डॉक्टर दारातूनच म्हणाले, ‘‘बाबा, तुमचं परतीचं रविवारचं—’’

‘‘मी थांबतो म्हणालो.’’

तिने हात पुसले आणि इंजिनाची वही मागितली. कामाची नोंद त्यात करावी लागे आणि वही विमानाबरोबर कायम राही, मालक बदलले तरी, बांधणारा गेला तरी. तिने तारीख घातली आणि लिहिलं: चारही सिलेंडर उघडून तपासली. चौथ्यात उजव्या बाजूची सर्क्लिप बसवलेली नव्हती. पिन सरकून सिलेंडरला ओरखडा. बांधताना माझी चूक. डॉक्टर तिच्या खांद्यावरून वाचत होते. त्यांचा आवाज आता पेशंटशी बोलायचा राहिला नव्हता.

‘‘असंच्या असं लिहायलाच हवं का बाई? तपासणी केली, सिलेंडर बदललं, एवढं म्हटलं तरी ते खोटं होत नाही. तुमचं नाव आहे एवढं.’’

‘‘खोटं होत नाही. कमी होतं.’’ तिने सही केली. सही नेहमीसारखीच आली, शेवटचं अक्षर वर ओढलेलं. ते बघून तिला आश्चर्य वाटलं. काहीतरी तुटायला हवं होतं आणि तुटलं नव्हतं. तिचे हात विसरतात. हे कळल्यावर ते परके वाटायला हवे होते, पण तिने ते मांडीवर पालथे ठेवले, तेल भरलेली नखं, अंगठ्यावरचा जुना व्रण, आणि ते तिला पूर्वीपेक्षा जवळचे वाटले. इतकी वर्षं ती त्यांच्यावर नुसती विसंबली होती. आता त्यांची काळजी घ्यावी लागणार होती.

पुढचे पाच दिवस म्हातारा रोज मुलाच्या गाडीतून येऊन त्याच खुर्चीवर बसला. तो फार बोलत नसे, आणि बोलला की आपल्या जुन्या उड्डाणांत मुलाला कधीच न सांगितलेल्या फजित्या सांगे. तिने पिन बदलली, पिस्टन बदलला, नवं सिलेंडर आतून घासून मापात आणलं. मंगळवारी दुपारी कडी बसवून झाल्यावर ती म्हणाली, ‘‘काका, इकडे या जरा.’’ त्याला डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. तिने त्याचा हात धरून बोट पिस्टनच्या बाजूला नेलं. ‘‘खाचेत तार लागते का बघा.’’

त्याने बोट सावकाश गोल फिरवलं. ‘‘लागते.’’

‘‘आता पलीकडे.’’

‘‘इथेही आहे.’’ मग त्याने विचारलं, ‘‘हे आधी कुणाला बघायला लावत होता तुम्ही?’’

‘‘कुणालाच नाही.’’

‘‘आता?’’

‘‘आता प्रत्येक वेळी. जो समोर असेल त्याला.’’

घरी निळे पडदे लागले होते. नवऱ्याने एकदाच विचारलं होतं, ‘‘झालं का सगळं?’’ आणि तिने जेवताना त्याला सगळं सांगितलं होतं, त्या पिनेच्या सुखासकट, जे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. तो चमचा हातात धरून ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘‘एवढी छान जाते ती पिन?’’ ‘‘एवढी छान जाते,’’ ती म्हणाली.

बुधवारी इंजिन जमिनीवर दोन तास चाललं, मग डॉक्टर एकटे तासभर उडून आले. गुरुवारी सकाळी आठ वाजता म्हाताऱ्याला पुढच्या सीटवर चढवायला दोघे लागले. पट्टे त्याने स्वतः बांधले, चाचपडत पण बरोबर. तिने प्रोपेलर हाताने चार वेळा फिरवून घेतला, उलट्या इंजिनात खाली उतरलेलं तेल निघून जावं म्हणून, आणि बाजूला झाली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. डॉक्टरांनी अंगठा वर केला. म्हाताऱ्याने काहीच केलं नाही, तो समोर बघत होता, जिथे त्याला फक्त उजेड दिसत असणार.

विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं तेव्हा ती हँगरच्या मागच्या बाजूला बेसिनपाशी उभी होती. साबण कोपरांपर्यंत लावलेला, बाह्या वर सारलेल्या. आवाज वाढला, ताणला गेला आणि मग जमीन सुटल्यावर येतो तसा एकदम हलका झाला. नळाच्या पाण्याच्या आवाजात तो मिसळला, मग वेगळा झाला, मग छपरावरून पुढे गेला. नळ बंद करून ऐकावं असं तिला वाटलं नाही. तिने ब्रश घेतला आणि एकेक नख घासून स्वच्छ करायला सुरुवात केली.